रुळावर धावायचे बूट

मला एका जागी उभं राहणं जमत नाही. बँकेच्या रांगेतसुद्धा मी या पायावरून त्या पायावर होत असतो आणि मागचा माणूस वैतागून विचारतो, "काका, घाई आहे का?" घाई कसलीच नसते, स्वभावच तसा. परवा नातवाला बूट घ्यायला गेलो तेव्हाही दुकानात माझ्या येरझाऱ्या चालूच होत्या. हल्लीची पोरं चाकांच्या फळीवर उभी राहून उतारावरून सुटतात, आणि त्यासाठी म्हणे वेगळे बूट लागतात. दुकानातला मुलगा समजावत होता की तळ सपाट हवा, फार जाड नको. नातू किमतीची चिठ्ठी उलटून बघत होता. स्वस्त हवेत, चावायला नकोत आणि घसरायलाही नकोत, या तीन गोष्टी एका जोडात मिळणं किती अवघड असतं हे मला कुणी सांगायला नको. एकविसाव्या वर्षी असाच एक जोड शोधत मी देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत वणवण केली होती. माझीही चाकांची फळीच होती, फक्त ती रेल्वेच्या रुळांवर चालायची.

साठ सालानंतरची ती वर्षं. आमचं घर मळवली स्टेशनाजवळच्या भाजे गावात. भातशेती थोरल्या भावाकडे आणि मी मळवलीच्या गँगवर हंगामी. गँगवरचं काम म्हणजे रुळाखालची खडी ठोकायची, स्लीपर सरळ करायचे, पहारीने रूळ रेटायचा. तीन मैलांचा तुकडा ठरलेला. सकाळी एका टोकाला, संध्याकाळी दुसऱ्या, उद्या परत तेच. गाड्या पुण्याला जायच्या, मुंबईला जायच्या, आणि मुकादम ओरडला की आम्ही बाजूला होऊन त्यांच्याकडे बघत उभे. त्या उभं राहण्याचा मला भयंकर राग यायचा. खिडकीतली माणसं केळी खात निघून जायची आणि मी हातात पहार धरून तिथंच.

ट्रॉली आली की मात्र अंगात वारं शिरायचं. रूळ तपासणाऱ्या साहेबाची ती गाडी. गाडी म्हणजे काय, तर चार चाकांवर लाकडी फळी, फळीवर साहेबासाठी बाकडं, वर छत्री आणि बाजूला हातब्रेक. इंजिन नाही. चार ट्रॉलीमन असायचे. दोघं मागून ढकलत रुळांवरून धावायचे, एक डाव्या रुळावर आणि एक उजव्या. दोघं बसायचे, मग पाळी बदलायची. सपाटीवर वेग आला की धावणारेही उडी मारून फळीवर चढायचे, चढ लागला की पुन्हा खाली. रुळाची रुंदी चार बोटं. खाली बघायचं नाही, नजर समोर ठेवायची आणि पावलापुढे पाऊल त्या चार बोटांवर टाकत जायचं. ती माणसं सकाळी लोणावळ्याहून निघून तळेगावला जायची आणि दुपारी परत दिसायची. मला तेच पाहिजे होतं. पगार वाढतो, नोकरी कायम होते, हे मी घरी सांगायचो. खरं कारण एवढंच की ते धावायचे आणि मी उभा असायचो.

त्या चैत्रात चौघांपैकी एक जण नोकरी सोडून कोकणात गावी गेला आणि जागा रिकामी झाली. मुकादमाने माझं नाव पुढे केलं. साहेबाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, "पुढच्या सोमवारी मळवली ते लोणावळा. पाच मैल, सगळा चढ आहे. न घसरता पळालास तर तुझं नाव वर पाठवतो. नाही जमलं तर कामशेतचा एक जण तयार आहे." त्या कामशेतच्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणापासून माझं त्याच्याशी वैर सुरू झालं.

अडचण माझ्या डाव्या तळव्याची होती. गँगवर पहिल्याच वर्षी खडीच्या धारदार कडेने तो कापला होता. जखम भरली, पण कातडी कायमची नाजूक राहिली. चैत्रातला रूळ दुपारी तव्यासारखा तापतो. अनवाणी अर्धा मैल पळालो की ती खूण उघडायची आणि रुळावर रक्ताचे ठिपके पडायचे. आणि सगळे ट्रॉलीमन तर अनवाणीच पळायचे. चप्पल रुळावर टिकत नाही, हे त्यांचं ठाम मत.

त्यांच्यातले जाणते म्हणजे आबा. भाज्याच्या वरच्या अंगाला डोंगरात वाडी आहे, तिथले. पन्नाशी उलटलेली, पण धावताना अंग असं हलकं की बघत राहावं. त्यांच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की पावसाळ्यात त्यात चिखल बसला की धुऊन निघत नसे. मोठ्याने बोलायचे, स्वतःच जास्त बोलायचे, आणि पाठीमागून हाक मारली तर ढिम्म हलायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, आबांना तोरा आहे. त्यांना तो शोभायचाही, कारण गाडी येतेय हे त्यांना सगळ्यांच्या आधी समजायचं. पळता पळता मध्येच थबकायचे आणि ओरडायचे, "काढा!" की चौघं ट्रॉली उचलून रुळाबाहेर. मग सगळे वळणाकडे बघत बसायचे. काहीच नसायचं. आणि थोड्या वेळाने खरंच गाडी धडधडत यायची. आबांना गाडीचा वास येतो, असं मळवलीत बोललं जायचं. बाकीच्यांना याची इतकी सवय झाली होती की वळणावर कान देण्याचे कष्ट कुणी घेत नसे. आबा असताना कशाला?

आबांनीच मला शिकवलं. संध्याकाळी गँग सुटली की मळवलीच्या बाजूच्या मोकळ्या रुळावर आम्ही पुढेमागे पळायचो. मी तिसऱ्याच दिवशी विचारलं, "आबा, आता जमलं नव्हं?" ते हसले. "पी हळद अन् हो गोरी, असं न्हाई हुत रं. पाय शिकतोय अजून."

"पाय जळतोय, आबा."

"जळू दे. रूळ पायाला कळाया पायजे. झाकल्याला पाय म्हंजे आंधळा मानूस."

म्हातारी माणसं बोलतात तसं बोलणं, म्हणून मी ते सोडून दिलं. माझ्या डोक्यात बूट शिरले होते.

पहिली खेप कामशेतच्या बाजाराला. तिथे एक चांभार ट्रकच्या जुन्या टायरच्या वहाणा करायचा. स्वस्त आणि मरेपर्यंत न झिजणाऱ्या. घेतल्या, आणि संध्याकाळी कळलं की टायर मुळात गोल असतो. त्याचा तळ रुळावर टेकतो मधोमध आणि दोन्ही बाजूंनी डुगडुगतो. शिवाय अंगठ्यात पट्टा असा रुतला की दुसऱ्या दिवशी मी गँगवर लंगडत गेलो. मुकादम म्हणाला, "काय रं, सोयरीक करून आलास का चपलेशी?"

दुसरी खेप देहूरोडला. तिथल्या बाजारात लष्कराचे जुने बूट जमिनीवर ढीग घालून विकत. चामडं असं की त्यात जन्म जाईल. घोट्याला आधार, बोटांना जागा, आणि किंमतही परवडणारी. माझ्या मापाचा जोड नव्हता म्हणून एक नंबर मोठा घेतला, पुढे चिंध्या कोंबल्या आणि ऐटीत रुळावर चढलो. तळाला लोखंडी खिळे होते. लोखंडावर लोखंड! चौथ्या पावलाला ठिणगी उडाली आणि मी खडीत उताणा. पकडीने खिळे उपटले तर तळाला चाळण झाली. आईने ते बूट गोठ्याच्या दाराशी पाहिले आणि कपाळाला हात लावला. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! नोकरीचा पत्ता न्हाई, अन् दोन दोन जोड आले घरात."

ती खरं तेच बोलत होती आणि म्हणून मला जास्तच राग आला. शनिवार उजाडला होता. मी दिवस भरला न भरला तोच लोणावळ्याला गेलो. बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत चपलांचं एक दुकान होतं. बंगलेवाले उन्हाळ्याला आले की त्यांची मुलं तिथून पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यायची. ते बूट काचेमागे बघूनच मला कळलं की हेच. रबराचा सपाट तळ, वजन नाही, वर कापड म्हणजे पाय उकडणार नाही. किंमत ऐकली आणि बाहेर आलो. चौकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. परत बाहेर आलो. तिसऱ्यांदा आत गेल्यावर दुकानदार म्हणाला, "अहो, बसा तरी. तुम्हाला बघून मलाच दम लागला."

लोणावळ्याच्या पावसाळ्यात दुकानातल्या मालाला बुरशी धरते. तसले काही जोड त्याने माळ्यावर टाकले होते. कापडावर काळे ठिपके, पण तळ धड. ते तो निम्म्यात द्यायला तयार झाला. मी एक जोड चढवला आणि दुकानातलं बाकडं आडवं करून त्याच्या कडेवर उभा राहिलो. दोन पावलं पुढे, दोन मागे. पाय जागचा हलला नाही, तळव्याला काही टोचलं नाही, बोटांना चिमटा नाही. दुकानदार हातातलं माप तसंच धरून बघत होता. "बूट घ्यायचेत की सर्कशीत जायचंय?" मी म्हणालो, "रेल्वेत." आणि त्याच दमात सांगितलं, "दोन जोड द्या."

दुसरा जोड आबांसाठी. हे मी तेव्हा स्वतःला असं समजावलं की त्यांनी शिकवलं, त्यांच्या टाचा फाटल्यात, आपण काहीतरी द्यावं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी कुणाला बोललो नाही. सोमवारी एका रुळावर मी आणि दुसऱ्यावर आबा धावणार होते. पन्नाशीचा माणूस अनवाणी आणि एकविशीचा बूट घालून, हे साहेबाला दिसलं असतं तर तो म्हणाला असता, याचे पाय नाजूक आहेत, कामशेतचाच बरा. दोघांच्या पायात बूट असले तर प्रश्नच नाही. माझ्या उतावळ्या डोक्याला ही मोठी हुशारी वाटली होती.

रविवारी सकाळी मी वाडीवर चढून गेलो. आबा अंगणात कुंपणाला काट्या बांधत होते. बूट बघून हसले, बोटाने तळ दाबून बघितला आणि परत दिले.

"मला नगं, बाबा. माजा पाय हाय तसा बरा."

"घाला की, आबा. टाचा बघा तुमच्या."

"न्हाई. सवय न्हाई."

मी चिडलो. मला नकार सहनच होत नाही, आणि त्यातून माझा एवढा बेत. म्हणालो, "मंग मी बी येत न्हाई उद्या. ऱ्हाऊ द्या ती नोकरी. कामशेतचा येऊ दे." आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. समोरचा बोलत असला की ते नेहमीच असे तोंडाकडे बघत. त्यांचा चेहरा जरा वेगळा झाला, काहीतरी सांगावंसं वाटतंय पण सांगवत नाही असा. मग त्यांनी बूट मांडीवर घेतले.

"बरं. उंद्याचा एक दिस घालतो. तुज्यासाटी."

मी उड्या मारत डोंगर उतरलो.

सोमवारी मळवलीहून निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून आम्ही पुण्याकडे जाणाऱ्या रुळावरून, म्हणजे गाड्यांच्या तोंडाकडे चढायचो. साहेबाने वेळापत्रक बघितलं होतं, तासभर काही नव्हतं. तो छत्रीखाली बसून वाकून रूळ बघत होता, दोघे ट्रॉलीमन त्याच्या बाजूला पाय सोडून विडी ओढत होते. डाव्या रुळावर मी, उजव्यावर आबा.

काय धावलो मी त्या दिवशी! तळवा गप्प होता. पाय रुळावर पडायचा आणि चिकटल्यासारखा धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा. पहिला मैल, दुसरा मैल. साहेबाने एकदा मागे वळून माझ्या पायांकडे पाहिलं, मग आबांच्या, आणि पुन्हा पुढे वळला. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. आबा मात्र नेहमीसारखे धावत नव्हते. मधूनमधून अडखळायचे, खाली बघायचे. मला वाटलं, नवे बूट आहेत, बसतील पायाला.

तिसऱ्या मैलाला वळण आहे. दोन्ही बाजूंना दरड, त्यावर करवंदीच्या जाळ्या, पुढचं काही दिसत नाही. वारा आमच्या पाठीकडून वर वाहत होता. वेळापत्रकात नसलेलं एकटं इंजिन लोणावळ्याहून उतारावर घरंगळत आलं, त्याचा आवाज असा येतच नव्हता. वळणातून त्याचं कपाळ दिसलं आणि शिटी वाजली. एकदा नाही, सलग.

मी उडी मारून बाजूला झालो. बसलेले दोघे खाली उतरले. साहेबाने ब्रेक ओढला. सगळे एकदम ओरडलो. आणि आबा मान खाली घालून ढकलतच होते. ब्रेकमुळे ट्रॉली जड झाली, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. शिटी कान फाडत होती आणि हा माणूस खांदा लावून तिच्या दिशेने ट्रॉली रेटत होता. मी त्यांचा सदरा धरून ओढला तेव्हा त्यांनी मान वर केली. इंजिन बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग सवयीचे हात आपापल्या कोपऱ्याला गेले आणि चौघांनी ट्रॉली उचलून खडीत टाकली. इंजिन ब्रेक करकचत आमच्या बाजूने गेलं. ड्रायव्हर खिडकीतून काय शिव्या देत होता ते कळलं नाही.

आबा आमच्याकडे पाठ करून रुळाकडे बघत उभे होते. साहेबाने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि साध्या आवाजात म्हणाला, "आबा, लागलं का कुठे?"

आबा वळले नाहीत.

"आबा." जरा मोठ्याने.

दोघे ट्रॉलीमन खाली बघू लागले. त्यांनाही माझ्यासारखंच तेव्हाच सगळं उमगलं असणार. तोरा कसला! पाठीमागची हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. गाडी यायच्या आधी रूळ थरथरतो. ती थरथर आबांच्या फाटक्या टाचांना कळायची, आणि आम्ही ज्याला वास म्हणत होतो तो हाच. कान गेल्यावर हा माणूस पायांनी ऐकत होता. आणि त्या पायांवर मी रबर चढवलं होतं, साहेबाने मला नाजूक म्हणू नये म्हणून.

साहेबाने पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. आबा वळले, आमचे चेहरे बघितले आणि त्यांनाही समजलं. खाली बसले, बूट काढले आणि ट्रॉलीवर ठेवले. उरलेला चढ ते अनवाणी धावले. लोणावळ्याच्या अलीकडे एकदम थबकून ओरडले, "काढा!" आम्ही ट्रॉली उतरवली. कितीतरी वेळाने वरून मालगाडी आली. साहेब गाडी जाईपर्यंत आबांच्या पायांकडे बघत होता. गाडी गेल्यावर मला म्हणाला, "पाय ऐकतात, हे मी कागदावर कसं लिहू?"

मला नोकरी लागली. साहेब म्हणाला, एकदाही घसरला नाहीस. आबांना ट्रॉलीवरून काढून मळवली स्टेशनवर पाणी भरायला लावलं, आणि त्यांच्या जागी कामशेतचा माणूस आला. तो चांगला निघाला, मला त्याचाही राग धरता येईना. बाकीचे दोघे मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. वळणावर मात्र आता एक जण पुढे जाऊन निशाण घेऊन उभा राहायचा.

पुढच्या महिन्यात एकदा आमची ट्रॉली मळवलीला थांबली. आबा फलाटावरच्या रांजणात घागर ओतत होते, माझ्याकडे पाठ करून. वाडीवर जायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज काहीतरी निमित्त काढत होतो. आज मी त्यांच्या मागे दोन हातांवर जाऊन उभा राहिलो.

"आबा," मी म्हणालो, "ते बूट तुमच्यासाटी न्हवतं घेतलं. माजं पाय नाजूक दिसू न्हाईत म्हणून घेतलं. तुमी नगं म्हनत व्हता. माजं चुकलं."

इतकं सावकाश मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आबा घागर ओतत राहिले. दोन पावलं पुढे होऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो असतो, तर त्यांनी माझ्या ओठांवरून सगळं वाचलं असतं. ती दोन पावलं मी टाकली नाहीत.

घागर रिकामी झाली, ते वळले आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आरं! कवा आलास?"

"आत्ताच, आबा," मी म्हणालो, आणि त्यांनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या घेतला.